शुभेच्छुक दिग्विजयभाऊ

“ताई, माझा फोटो कुटं हाय ह्यात?”

माझा धाकटा भाऊ माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनवर बोट नाचवत होता. नवी पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. आमच्या गल्लीतल्या उदयदादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चालू होता. मधे दादा, खाली शुभेच्छुकांची तीस डोकी. एकतिसावं मी मुद्दाम गाळलं होतं. तलवारीनं केक कापणारी ती टोळी. पुढं तीच तलवार कुठं चालते, हे अख्ख्या पेठेला ठाऊक.

“जागा न्हाय,” मी म्हणाले.

“खोटं बोलू नगं की!”

“बरं, खरं सांगते. कुणाचं डोकं फुटलं की पोलीस आधी हाच फ्लेक्स वाचत्यात. तुला काय मिळतं रे तितं? कटिंग चहा?”

तो खाली बघत म्हणाला, “मी गेलो की समदी सरकून जागा देत्यात. ‘या दिग्विजयभाऊ’ म्हणत्यात. घरात माझं नाव तरी कुणाच्या ध्यानात हाय का?”

खोटं नव्हतं ते. पाळण्यात नाव ठेवलं दिग्विजय, आणि हाक मात्र ठोंब्या. दहावीला दोनदा नापास झाला आणि ती हाक कायमची चिकटली. तेवीस वर्षांचा बाप्या, तरी पाहुण्यांसमोर ‘ठोंब्या, पाणी आण!’ सगळ्यात जास्त मीच म्हणायचे. मला भरून आलं आणि तिथंच मी चुकले. त्याचा फोटो घातला. चेहरा उजळ केला, गॉगल चढवला, दुसऱ्याच कुणाचा कोट अंगात घातला. तो इतका हसला, की म्हटलं, असू दे मेलं.

आठच दिवसांनी त्या पोरांनी भर दुपारी एकाला सळईनं मारलं. तेव्हा आमचा ठोंब्या बिरप्पाच्या गिरणीत ज्वारीच्या दळणासाठी नंबर लावून बसला होता, संध्याकाळपर्यंत तिथंच.

संध्याकाळी हवालदार घरोघर विचारत आमच्या दारात आले. मोबाइलवर तोच फ्लेक्स. “ह्यातला दिग्विजयभाऊ कोण?”

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “न्हाय बा. असला सायब आमच्यात कुटनं येणार? ह्यो आमचा ठोंब्या. दळान घिऊन आत्ताच आलाय, बघा की.”

भुवयांपर्यंत पीठ माखलेलं ते ध्यान बघून हवालदारही हसले आणि वळले. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानं डबा खाली ठेवला. हात पँटला पुसले.

“सायब, मीच दिग्विजयभाऊ.”

“गप ए ठोंब्या!” मी ओरडले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या. जीपमध्ये आधीच त्या टोळीतली चौघं बसली होती. ती सरकली आणि त्याला जागा दिली.

बिरप्पानं जबाब दिलाय. वकील म्हणतात, सुटेल, पण वेळ लागेल. सोमवारी मी आईला घेऊन तुरुंगावर गेले. खिडकीतल्या शिपायानं मान वर न करताच विचारलं, “कुणाला भेटायचंय?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढं झाली. डोक्यावरचा पदर नीट केला.

“दिग्विजयभाऊला,” ती म्हणाली.