उडत्या म्हातारीसाठी रेझिन

घर बदललं त्या दिवशी जुन्या घराच्या खिडकीतून एक म्हातारी तरंगत आत आली. इवलंसं बी, भोवती रेशमी केसांचा पिसारा. लेकीने ती अलगद काडेपेटीत ठेवली. पण नव्या घरात पोरीचा जीव रमेना. तिच्यासाठी सजवलेल्या खोलीत ती पाऊलही टाकेना.

"पेटीत तिला उडता येत नाही गं आई. तू तिला काचेत उडत ठेव."

आई काचेसारख्या पारदर्शक रेझिनचे पेपरवेट करायची, म्हणून हा हट्ट. म्हातारी एकुलती एक. बिघडली तर पोरीची समजूत कशी घालायची?

दुकानदार जुन्या ओळखीचा. "हे झटपटवालं न्या ताई. चहा होईस्तोवर दगड!"

"आणि तापतं किती! केस होरपळतील तिचे."

"मग पॉलिएस्टर रेझिन? स्वस्तात मस्त."

"त्याचा वास घर सोडत नाही, वर आक्रसतं ते वेगळंच."

"म्हणजे तुम्हाला आळशीच हवं," म्हणत त्याने पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी पुढे सरकवलं.

दुपारी खिडक्या उघडून, हातमोजे चढवून तिने पहिला थर ओतला. तो मधासारखा चिकट झाल्यावर म्हातारी त्यावर टेकवली. थराने तिला नीट धरलं की मगच दुसरा थर. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ कुरकुरलं. त्याला थोपटता थोपटता आईचाच डोळा लागला. दचकून उठली, तर भिंतीवरचं ऊन कुठल्या कुठे गेल्यासारखं वाटलं. उशीर झाला, खालचा थर कधीच धरला असेल, असं समजून तिने वरचा थर ओतून टाकला.

थर अजून कच्चाच होता. म्हातारी सुटली, तिरकी झाली आणि वर निघाली. पार वर आली तर केस बाहेर चिकटणार, सगळंच वाया. तिला खाली ढकलायला आईने टाचणी उचलली.

"हात नको लावूस!" दाराशी स्टुलावर बसवलेली लेक कुजबुजली. "निघालीये ती."

टाचणी हातातच राहिली. उन्हाने भरलेल्या त्या दाट पाण्यात म्हातारी एकेक केस उलगडत चालली होती, झोपेत कूस बदलावी तशी. रेझिन दाटत गेलं, तिचा वेग मंदावला. पृष्ठभागाच्या जराशी खाली, कडेला, ती थबकली. तिरकी, पिसारा फुललेली.

"कुठे निघाली होती गं ही?" आईने हळूच विचारलं.

"कुठे काय! घर बघतीये," लेक म्हणाली. स्टुलावरून उतरली आणि आपली खोली बघायला गेली.