सीलबंद ड्रिल आणि सहा तोट्या

रामकिशन फिटरचं ड्रिल मशीन रविवारी सकाळी बंद पडलं, आणि पडलं ते टाकीच्या चौथ्या भोकात अर्धं शिरून. बटण दाबलं की आतून नुसता ‘टक’ असा आवाज यायचा. जसं काही मशीन म्हणत होतं, ऐकू आलं, पण आज इच्छा नाही.

आता ही टाकी कुठली ते सांगायला पाहिजे. अहमदपूरच्या त्यांच्या गल्लीतला शेवटचा बोअर संक्रांतीलाच आटला होता. तेव्हापासून गल्ली टँकरवर जगत होती, आणि टँकर आला की जे व्हायचं त्याला भांडण म्हणणं म्हणजे भांडणाचा अपमान. म्हणून नगरपालिकेनं कमानीजवळ पाच हजार लिटरची काळी टाकी आणून ठेवली आणि तिला सहा तोट्या बसवायचं काम रामकिशनला दिलं. गुरुवारी टँकर येणार, टाकी भरणार, पालिकेचे इंजिनियर अमृतराव साहेब स्वतः येऊन बघणार. एक थेंब गळला नाही तर गावातल्या बाकीच्या अकरा टाक्यांचं काम रामकिशनचं. गळला तर शेषेरावचं. शेषेराव सळई लाल करून प्लास्टिकला भोक पाडायचा. त्यानं बसवलेली तोटी सोडावी लागत नसे, ती चहूबाजूंनी आपोआपच सुटलेली असायची.

तर सध्या टाकीला साडेतीन भोकं होती, आणि गल्लीतल्या बायका येता-जाता तिच्याकडं अर्ध्याच हाताला मेंदी लागलेल्या नवरीकडं बघावं तसं बघत होत्या.

“ईश्वरप्पाकडं टाकतो,” रामकिशन म्हणाला. मार्केट यार्डासमोर ईश्वरप्पांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या निम्म्या पाण्याच्या मोटारी त्यांनी आतून बघितलेल्या. “खोलून बघतील.”

“खोलायचं न्हाई,” सिंधू म्हणाली.

सिंधू रामकिशनची लेक, नववीतली. ग्राहकाच्या हक्कांवर भाषण करून शाळेत पहिली आल्यापासून घरात मिठाची पुडी आली तरी ती मागची तारीख मोठ्यानं वाचून दाखवायची. हे बिनवायरचं ड्रिलही तिच्याच हट्टाचं. दिवसा वीज नसते, वायर कशात खुपसणार, असं म्हणत दसऱ्याच्या आधी तिनं बापाला नांदेडला नेलं आणि जुनं लोखंडी मशीन बदल्यात देऊन हे एका हातात मावणारं निळं मशीन घ्यायला लावलं. वर एका वर्षाची वॉरंटी. ते कार्ड लॅमिनेशन करून तिनं सातबाऱ्याच्या पिशवीत, सातबाऱ्याच्याही वर ठेवलं होतं.

“हे बगा,” तिनं मशीन उलटं केलं. बुडाशी एका स्क्रूवर नखाएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. “हे सील. हे फाटलं की वॉरंटी गेली. कंपनी फुकट करून देणार हाय, मग ईश्वरप्पा काहून?”

“ईश्वरप्पा सांजच्याला देतात.”

“आन उद्या परत बिघडलं तर?”

“परत देतात.”

“बाबा, त्याला सिस्टीम म्हणत न्हाईत.”

“जा, दोघंबी जा सिस्टीमकडं,” गुणाबाई, म्हणजे सिंधूची माय, आतून म्हणाली. “येताना दोन घागरी भरून आणा तिथून.”

सिस्टीमचा फोन नंबर कार्डावर होता. तिथं एका गोड आवाजाच्या बाईनं सिंधूचा कॉल फार महत्त्वाचा असल्याचं सांगितलं आणि त्या महत्त्वाला शोभेल अशी वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग फोन कट. सिंधू म्हणाली, रविवार हाय म्हणून. उद्या सरळ नांदेडला जाऊ.

सोमवारी शाळेला दांडी. लोह्यावरून नांदेड. मशीन विकताना दुकानदारानं बापलेकीला चहा पाजला होता, सिंधूला ‘हुशार हाय पोरगी’ असंही म्हणाला होता. आज तोच माणूस त्यांच्याकडं, आपण कुठं भेटलो होतो का, अशा चेहऱ्यानं बघत होता.

“गाव?”

“अहमदपूर.”

“म्हणजे लातूर जिल्हा. लातूरच्या सेंटरला जावं लागल. हितं फक्त नांदेड जिल्ह्याचं होतं.”

“पण मशीन तर हितूनच घेतलं,” सिंधू म्हणाली.

“घ्यायला जिल्हा लागत न्हाई, ताई. बिघडायला लागतो.”

मंगळवारी लातूर. अहमदपूर कुणीतरी मुद्दाम मोजून मधोमध ठेवलंय. नांदेडला जा नाहीतर लातूरला जा, एसटी सारखाच वेळ घेते आणि सारखीच हाडं मोजते. लातुरात तेव्हा नळाची वाट बघणं लोकांनी सोडून दिलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं चाललं होतं. कंपनीचं सेंटर मात्र थंडगार होतं. काउंटरमागं बसवंत नावाचे चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी कार्ड घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ काहीतरी शोधलं आणि मान हलवली.

“तुमचा तालुका आमच्यात दिसत नाही. कंपनीच्या नव्या यादीत तो उदगीर जिल्ह्यात टाकलाय.”

“उदगीर जिल्हा झालाच न्हाई अजून,” सिंधू म्हणाली.

“होणार आहे म्हणतात.”

“ते तर मी पाळण्यात होते तवापासून म्हणून राहिलेत.”

“कंपनी पुढचा विचार करते.”

“बरं. मग उदगीरला जातो.”

“तिथं सेंटर नाही. जिल्हा झाल्यावर उघडणार.”

म्हणजे मोर्चे, उपोषणं, रास्ता रोको करून जे सरकारकडून निघालं नव्हतं ते कंपनीच्या कॉम्प्युटरनं गुपचूप करून टाकलं होतं, आणि उदगीरकरांना साधे पेढेसुद्धा वाटू दिले नव्हते. सिंधूनं भाषणातला ‘ग्राहक हा राजा’वाला परिच्छेद काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात रामकिशन पुढं झाला. टोपी त्यानं हातात घेतली होती.

“साहेब, परवा टँकर हाय. टाकी उघडी पडलीय. हे न्हाई झालं तर अकरा टाक्या जातात हातच्या. लिहू नगा कायबी, नुसतं बगा तरी.”

बसवंतांनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा घड्याळाकडं बघितलं. मग बॅटरी ओढून वेगळी केली आणि मशीनच्या मुठीत टॉर्च मारला.

“पाणी गेलंय आत.”

सिंधू हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला मनापासून हसू आलं. “लातुरात बसून तुम्ही म्हणून राहिलात पाणी गेलंय? आमच्या गल्लीत माणसाच्या पोटात जायला पाणी न्हाई. मशीनच्या पोटात कुठून जाईल?”

बसवंतांनी मशीन तिच्यापुढं धरलं. बॅटरी जिथं बसते तिथल्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. त्यांच्या सांदीत काहीतरी लाल-पिवळं गोळा होऊन वाळलं होतं. बसवंतांनी ते टाचणीनं खरवडलं, हुंगलं, आणि डॉक्टरानं रोगाचं नाव सांगावं तसं म्हणाले, “हळद-कुंकू. नारळ कुणी फोडला यावर?”



खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रामकिशनच्या घरी सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. पाना, पकड, करवत, आणि मधे मानाचं ड्रिल. हळद-कुंकू वाहायचं आणि वरून नारळ फोडून त्याचं पाणी हत्यारांवर शिंपडायचं. जुन्या लोखंडी मशीननं असे दहा नारळ पचवले होते. गेल्या खंडेनवमीला सिंधू म्हणाली होती, नारळ पोरानंच फोडावा असं कुठं लिहिलंय? घरात पोरगा नव्हताच, त्यामुळं कुणी वादही घातला नाही. नवं मशीन मधे, त्याची बॅटरी काढून शेजारी, कारण बॅटरीला वेगळं कुंकू लावायचं होतं. सिंधूनं नारळ एका दणक्यात फोडला आणि शिंपडत बसण्यापेक्षा सगळं पाणी एकदमच ओतलं. उघड्या मुठीत. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

“पूजा मी केली, साहेब,” रामकिशन म्हणाला. “नारळ माझ्याच हातचा.”

सिंधूनं बापाकडं बघितलं. तो सीलिंगच्या पंख्याकडं बघत होता.

“न्हाई,” ती म्हणाली. “मी फोडला.”

तीन दिवसांतलं तिचं सगळ्यात छोटं वाक्य हेच.

बसवंतांनी चष्मा काढून पुसला. “दसऱ्यानंतर दरवर्षी येतात अशी मशीनं. काही लगेच, काही उन्हाळ्यात. आता ऐका. जिल्ह्याचं मी बघतो कसंतरी. पुण्याला पाठवतो. पंचेचाळीस दिवस लागतील. तिथं उघडतील आणि ‘आत द्रव पदार्थ, वॉरंटी नाही’ असं लिहून परत पाठवतील. उघडणाऱ्याच्या घरी खंडेनवमी होत असेल तर कदाचित नवं देईल, सांगता येत नाही. पण सील फोडलंत तर तेवढंही नाही.”

“आन सील फोडून पट्ट्या साफ केल्या तर?” रामकिशननं विचारलं.

“ते मी या खुर्चीत बसून सांगू शकत नाही,” बसवंत म्हणाले, आणि मान मात्र त्यांनी वर-खाली हलवली.

परतीच्या बसमध्ये मशीन सिंधूच्या मांडीवर होतं. तिनं सगळा हिशोब मांडून बघितला. एकीकडं नवंकोरं मशीन, कदाचित, उन्हाळा संपता संपता. दुसरीकडं परवाचा टँकर. पुण्यातल्या त्या माणसाच्या घरी खंडेनवमी होत असेल का, याचा ती चाकूर येईपर्यंत विचार करत राहिली.

“तू म्हणशील तसं,” रामकिशन खिडकीबाहेर बघत म्हणाला. “वॉरंटी तुझी हाय.”

टोमणा मारला असता तर तिनं दोन परतवले असते. पण तो टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. बस स्टँडवर उतरल्यावर सिंधू घराच्या वाटेला लागलीच नाही. सरळ मार्केट यार्डाकडं चालू लागली.

ईश्वरप्पांच्या दुकानात जळलेल्या मोटारींची रांग लागली होती. कोरड्या बोअरमध्ये चालवून चालवून जळालेल्या. मालक आणून टाकत आणि न्यायला येत नसत, कारण नेऊन सोडायच्या कशात.

“या वकीलसाहेब,” ईश्वरप्पा म्हणाले. “मशीन वॉरंटीत हाय म्हणं. मला हात लावायची परवानगी हाय का, का बासरीवाल्या बाईला इचारू?”

“पेचकस द्या, अप्पा.”

“मी खोलतो की.”

“न्हाई, मी.”

तिनं पेचकसाचं टोक पांढऱ्या चकतीवर टेकवलं आणि दाबलं. चकती फाटली. आवाजसुद्धा आला नाही. एवढ्या दिमाखाच्या गोष्टीचा निदान आवाज तरी यायला हवा होता, असं तिला वाटून गेलं. मशीन खोललं तर आत एक चिमुकली मोटार, चार वायरी आणि सहा महिन्यांपूर्वीचा प्रसाद.

ईश्वरप्पांनी पेट्रोलमध्ये दातांचा जुना ब्रश बुडवला आणि घासायला लागले. एक पट्टी झिजून पार कागदासारखी झाली होती. जुन्या स्टार्टरची पितळी पट्टी कापून त्यांनी तिच्या जागी डाग देऊन बसवली. मशीन बंद केलं, बॅटरी लावली, बटण दाबलं.

टक.

रामकिशन उंबऱ्यावर बसला होता, तो तसाच खाली मान घालून राहिला. सिंधूला वाटलं, आता सीलही गेलं, वॉरंटीही गेली, टाकीही गेली, आणि हे सगळं एका पोरीनं तीन दिवसांत करून दाखवलं.

“गप बसा रे,” ईश्वरप्पा म्हणाले, कुणीच काही बोलत नव्हतं तरी. परत खोललं. “हे बघ. बटणाचा पायबी हिरवा हाय. लई भरून पाजलंस गं तू. एकाच दणक्यात फोडलास म्हणं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या बापानं. यार्डात सगळ्यांना सांगत हिंडत होता.”

सिंधूनं ब्रश घेतला आणि बटणाचा पाय स्वतः घासला. दुसऱ्यांदा बॅटरी लावली तेव्हा मशीन असं घरघरलं की रांगेतल्या मोटारींना जुने दिवस आठवले असतील.

बुधवारी उरलेली अडीच भोकं पडली आणि सहाच्या सहा तोट्या बसल्या. गुरुवारी नऊचा टँकर दीडला आला, म्हणजे वेळेवर. पाइप टाकीत सोडला. शेषेराव सगळ्यात पुढं उभा होता, आणि थेंबाची एवढी आतुरतेनं वाट त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणी बघितली नसेल. टाकी भरली. अमृतराव साहेब उकिडवे बसले, प्रत्येक तोटीच्या बुडाभोवती रुमाल फिरवला आणि रुमाल उन्हात धरून बघितला. कोरडा.

“काम बरंय,” ते म्हणाले. “बाकीच्या अकरा तुझ्याच, रामकिशन. पण एक कर. तोट्यांची वॉरंटी लिहून दे. फायलीला कागद लागतो.”

सगळी गल्ली सिंधूकडं बघायला लागली. तिनं वहीचं पान फाडलं आणि टाकीच्या चौथऱ्यावर बसून झरझर लिहिलं. मग उभी राहून वाचलं. “तोटी पोरांनी फिरवल्यास, घागर आपटल्यास, भांडणात उपटल्यास, त्यावर फडकं बांधल्यास किंवा वापरणारा दुसऱ्या गल्लीतला निघाल्यास वॉरंटी लागू होणार न्हाई.”

“मग लागू कवा व्हणार गं, माय?” रांगेतल्या धुरपताबाईंनी घागर कमरेवरून खाली ठेवत विचारलं. “आमी लांबूनच नमस्कार करायचा का तोटीला?”

“खोड ते समदं,” रामकिशन म्हणाला.

“मग काय लिहू?”

“लिही, गळाली तर हाक मारा. रामकिशन येईल.”

“बाबा, मुदत लागते त्याला.”

रामकिशननं डोकं खाजवलं, टाकीकडं बघितलं. “पाणी हाय तवर.”

अमृतरावांनी पान वाचलं. असला कागद फायलीत चालतो का याचा त्यांनी जरा विचार केला, मग खाली शिक्का मारला आणि म्हणाले, “पुढची टाकी बस स्टँडच्या मागं. आज सांजपर्यंत होतंय का बघा.”

सिंधूनं तोट्यांचा डबा उचलला, रामकिशननं मशीन. धुरपताबाईंनी पहिली तोटी सोडली होती आणि मागून नंबरावरून आवाज चढायला लागले होते.