बॉनेटवरचा अंगठा

मी एक गाडी बोलतेय. घाबरू नका, अंगावर येणार नाही. वीतभर लांबीची, प्लास्टिकची, लाल रंगाची मी. वाशीच्या एका फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये उभी असते. पण ह्या वीतभर गाडीपायी घरच्या सुचित्राची झोप उडाली होती. कूस बदलायची, नवऱ्याकडे बघायची, पुन्हा कूस बदलायची. काळजी काय, तर आठ वर्षांच्या लेकीला, मीनाला, एक गोष्ट सांगायची कशी? आणि नाहीच सांगितली, तर चालून जाईल का?

मी सुरुवातीपासून सांगते.

मी ह्या घरात आले ती गाडी म्हणून नाही, खोक्यातले तुकडे म्हणून. शहाऐंशी साली मीनाचा मामा, अरविंद, बोटीवरून सुट्टीला आला, तेव्हा त्यानं दोन खोकी आणली. एकात मी, दुसऱ्यात एक ट्रक. माझी दारं, चाकं, आरसे, सगळं एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेलं होतं, फणसाचे गरे मधल्या दांड्याला चिकटलेले असतात तसं.

मीनानं पहिल्याच झटक्याला एक आरसा पिळून तोडायला घेतला.

"अगं ए, भेंडी आहे का ती?" मामा ओरडला. "नेलकटर आण. कापायचं, मग घासायचं."

त्या सुट्टीत मीना त्याच्याकडून खूप शिकली. आधी तुकडे साबणाच्या पाण्यानं धुवायचे, नाहीतर तेलकटपणावर रंग धरत नाही. कापल्या जागी राहिलेला टोचरा कंगोरा बारीक पॉलिश पेपरनं घासायचा. गोंद उदबत्तीच्या काडीच्या टोकानं, मुंगीला पुरेल एवढाच लावायचा. जास्त झाला की प्लास्टिक विरघळतं. जोडलेले भाग कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवायचे. रंगाचा एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यायचे. आणि रंग वाळेपर्यंत वर पातेलं पालथं घालायचं, कारण तुर्भ्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ खिडकीतून न विचारता आत येते.

"आणि ही रिकामी चौकट फेकायची नाही," मामानं बजावलं. "नवीन रंग, नवीन गोंद, काहीही असो, आधी चौकटीवर लावून बघायचं. बिघडलं तर चौकट बिघडेल. गाडी एकच आहे."

मीनानं चौकट बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली. सुचित्रा तेव्हा शेजारीच वाटाणे सोलत होती. तिनं ऐकलं, मानही डोलावली.

मामा बोटीवर परत गेला आणि मीनानं मला एकटीनं पुरं केलं. शेवटचा हात वाळला का हे बघायला तिनं पातेलं जरा लवकर उचललं आणि बॉनेटवर तिचा अंगठा उमटला. बारीक रेषारेषांचा, गोल. ती हिरमुसली. मग निरखून बघत म्हणाली, "जाऊ दे. छान दिसतोय." मलाही तो आवडला होता. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या असतील; अंगठा फक्त मला होता.

रविवारी सोसायटीत मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीकाकू विरजण मागायला आल्या आणि माझ्यापुढे थबकल्या.

"मीनानं केलीय वाटतं?"

"हो ना, एकटीनं!" सुचित्रा फुलून म्हणाली.

"दिसतंच आहे," काकू हसल्या. "अंगठा मारलाय की सातबाऱ्यावर मारल्यासारखा!"

विरजण घेऊन काकू गेल्या. ते दोन शब्द मात्र घरातच राहिले. 'दिसतंच आहे.' सुचित्रा बी.ए. झालेली, मुलांच्या संगोपनावरचे लेख कापून ठेवणारी. मुलांच्या कामात आयांनी हात घालू नये, हे त्याच लेखांत लिहिलेलं. तिनं कपाट उघडलं, नणंदेच्या लग्नात आणलेली नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली काढली, कापूस भिजवला. म्हणाली, "जरासं पुसते फक्त."

जरासं! अंगठा गेला, रंग गेला, आणि खालचं माझं प्लास्टिक मऊ पडून लोण्यासारखं ओघळलं. कापसाचे धागे त्यातच रुतले. सुचित्रानं घाबरून आणखी पुसलं, तसं आणखी बिघडलं. शेवटी तिनं मला शोकेसमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी कुणाला तोंड दाखवू नये, की तिला माझं दिसू नये, कोण जाणे.

मीना शाळेतून आली, दप्तर टाकलं, मला उचललं. तिचा चेहरा मला अगदी जवळून दिसला.

"आई, हे काय झालं?"

सुचित्रा भाजी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली. "अगं... काय झालं?"

मीनानं मला उलटंसुलटं केलं. "गोंद जास्त झाला असणार," ती हळूच म्हणाली. "मामा म्हणाला होता, विरघळतं. मीच जास्त लावला."

सुचित्रानं चिरलेली भाजी बाजूला सारली. सुरी पुन्हा चालू झाली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. नव्हतं, म्हणून मीही गप्प. त्या घरात तेव्हा लाजेनं मान खाली घातलेल्या दोघी होत्या. एकीला तर मानही नव्हती.

रात्री तिनं नवऱ्याला, नंदकुमारला, सांगितलं. तो पावणे गावातल्या केमिकल कारखान्यात सुपरवायझर. "आमच्याकडे असं केलं असतंस तर मेमो मिळाला असता," तो म्हणाला आणि कुशीवर वळून घोरू लागला. ती जागीच.

शनिवारी सकाळी मीना ट्रकचं न उघडलेलं खोकं काखोटीला मारून दाराशी आली. हातात पॉलिश पेपर आणि नेलकटरही.

"कुठे निघालीस?"

"खालच्या वैशालीला देते. मला नाही जमत हे."

चपलेत एक पाय गेलाही होता.

"मीना, थांब." सुचित्रा म्हणाली. "गोंदानं नाही झालं ते. मी केलं. तुझा अंगठा पुसायला गेले, नेलपॉलिश रिमूव्हरनं. काकू हसल्या ना, म्हणून. आणि तू म्हणालीस मीच केलं, तेव्हाही मी बोलले नाही."

माझं बॉनेट आजही खडबडीत आहे. हात फिरवलात तर कापसाचा एखादा धागा लागेल. कुणी घासून मला नवी करू नये, एवढंच माझं मागणं. आणि मला आता भिंतीकडे वळवू नका; मी तोंड पुढे करूनच उभी राहीन.

पण त्या सकाळी मीना पायात एक चप्पल घालून तशीच उभी होती. सुचित्रानं मनात सगळी तयारी केली: ही रडेल, कट्टी घेईल, मामाला पत्र लिहून कळवेल. मीनानं खोकं खाली ठेवलं, आत गेली आणि बिस्किटांच्या डब्यातली रिकामी चौकट आणून आईच्या पुढ्यात आपटली.

"आण ती बाटली," ती म्हणाली. "आणि आता ह्याच्यावर लाव. कसं विरघळतं ते मला बघायचंय."