पायरीवरचा बाप

आमच्या बेरिस्सो गावात, आणि तसं पाहिलं तर साऱ्या अर्जेंटिनात, एक रीत आहे. खेळाडूने आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर आनंद करायचा नाही. मान खाली घालायची, दोन्ही तळहात वर करायचे आणि जुन्या लोकांची माफी मागायची. ज्यांनी लहानाचा मोठा केला त्यांचा मान राखायचा, एवढाच तिचा अर्थ. रीत वाईट नाही. पण ज्यांनी लाथ घालून हाकललं, त्यांचीही माफी मागायची का, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

ओस्वाल्दो कुलिकला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो गोदीत वेल्डर होता आणि स्पोर्तिवो सालादेरो या आमच्या क्लबचा जन्माचा वेडा. मुलगा झाला तेव्हा नोंदणी कचेरीत जायच्या आधी तो क्लबात गेला आणि बाळाला सभासद करून आला. बाळाचं नावसुद्धा ठरलं नव्हतं. ‘कुलिकचा मुलगा’ एवढ्यावर काम भागलं. युलिसेस हे नाव मागाहून आलं.

तोच युलिसेस आता एकवीस वर्षांचा होता आणि सांता रोसाच्या पाम्पेरो संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू म्हणून सालादेरोच्याच मैदानावर उतरणार होता. आदल्या दिवशी त्याने हॉटेलातून घरी फोन केला.

“पापा, पाहुण्या खेळाडूंच्या घरच्यांसाठी वर काचेच्या खोलीत खुर्च्या असतात. तुझी सोय करतो.”

“मी माझ्या पायरीवर बसणार. लहानपणापासून तिथे बसतोय. मला तिथे कोण काय करणार आहे?”

“बघ बुवा. आमच्या बाजूचं माणूस कुणीच नसणार तिथे.”

ते खरंच होतं. मारामाऱ्यांमुळे पाहुण्या संघाच्या लोकांना मैदानात येऊच देत नाहीत. पायऱ्यांवर सगळे एकाच रंगाचे.

“आणि ऐक,” ओस्वाल्दो म्हणाला. “गोल झालाच तुझ्याकडून, तर हात वर कर. मला याच गावात राहायचंय.”

“माफी कशाबद्दल, पापा?”

“रीत आहे.”

“बरं. तू म्हणतोस म्हणून.”

मिर्ता, युलिसेसची आई, ओट्यापाशी मांसाचे काप पावाच्या चुऱ्यात घोळत होती. तिने हातातला काप परातीत आपटला.

“त्यांनी मागावी माफी. पोराचा घोटा मोडला होता, ओस्वाल्दो. त्यांच्या डॉक्टरने पट्टी गुंडाळली आणि पुन्हा खेळायला पाठवलं. लंगडायला लागला तसं फाटकावर बूट हातात दिले आणि म्हणाले, बापाला सांग, एखादा धंदा शिकव. पंधरा वर्षांचा होता तो. तू काय केलंस? पुढच्या रविवारी पायरीवर जाऊन बसलास.”

“आपलेच दात आपलेच ओठ, मिर्ता.”

“ओठ माझ्या पोराचे फुटले. दात तेवढे तुझे.”

घोटा मिर्ताने बरा करून घेतला, इस्पितळाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहून. पोरगा दूर पाम्पाच्या गवताळ मुलुखात गेला, तिथल्या गल्लीबोळातल्या संघांतून खेळला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत झोपला आणि गोल करत करत वर आला. सालादेरोचा एक माणूस त्याला बघायला फिरकला नाही. तो लीगच्या वरच्या वर्गात पोचला तेव्हा मात्र सालादेरोचे अध्यक्ष रेडिओवर म्हणाले, हा आमच्या मातीतला हिरा, पैशासाठी आम्हाला सोडून गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि गावाने त्या खऱ्या मानल्या. ज्या पोराला फाटकाबाहेर काढताना गाव हजर होतं, तो आता गावाच्या लेखी गद्दार झाला.

रविवारी ओस्वाल्दो त्याच्या पायरीवर जाऊन बसला. शेजारी नेहमीसारखा तूचो होता. तूचो गोदीतला जोडीदार, आणि युलिसेसचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये बाळ त्याच्याच हातांवर होतं. तो थर्मासमधलं गरम पाणी माते नावाच्या कडू चहाच्या तुंबडीत ओतत होता आणि एकाच नळीने दोघं आळीपाळीने पीत होते.

“तुझा पोरगा आज जपून खेळला तर बरं,” तूचो म्हणाला. “हरलो तर आपण खालच्या वर्गात गेलोच म्हणून समज.”

“तो त्याचं काम करणार.”

“काम करू दे की. चावू नये एवढंच.”

संघ मैदानात आले आणि गाणं सुरू झालं. युलिसेसच्या आईवरचं शिवराळ गाणं. या गाण्यात फक्त नाव बदलायचं असतं. ओस्वाल्दोने ते आयुष्यभर गायलं होतं, दुसऱ्यांच्या आयांवर, छातीचा भाता फुगवून. आज त्यात मिर्ताचं नाव होतं. चाल तीच होती, ढोलही तेच होते. तूचो गात नव्हता, पण त्याचा पाय ठेक्यावर हलत होता. ओस्वाल्दोने तो पाय पाहिला आणि नजर मैदानाकडे वळवली.

खेळ ओढाताणीचा झाला. युलिसेसला सालादेरोचा एक धिप्पाड बचावपटू चिकटला होता आणि पंचाची पाठ वळली की त्याच जुन्या घोट्यावर बूट घालत होता. तो घोटा नेमका कुठला, हे त्याला कुणी सांगितलं असेल? क्लबातल्याच कुणीतरी. मोडताना ज्यांनी पाहिला होता त्यांनाच ते माहीत. युलिसेस दर वेळी उठला, मोजे वर ओढले आणि पळाला.

उत्तरार्धात डावीकडून एक उंच चेंडू आला. धिप्पाड माणसाने उडी मारली ती आधीच मारली. युलिसेस थांबला होता. चेंडू छातीवर घेऊन त्याने तो जमिनीलगत, गोलकीपरच्या हाताखालून आत सारला. असा गोल की ओस्वाल्दो अर्धा उठला आणि पुन्हा बसला. सगळं मैदान चिडीचूप झालं. फक्त पाम्पेरोचे दहा जण ओरडत युलिसेसकडे धावत होते.

त्याने त्यांना हाताने थांबवलं. तो एकटा ओस्वाल्दोच्या पायरीसमोरच्या कुंपणापर्यंत चालत आला. त्याने मान खाली घातली आणि दोन्ही हात वर केले.

एखाद्या गावाने गप्प राहावं ना. फार नको होतं. या गावाने थुंकायला सुरुवात केली. नाणी आली, लायटर आले, पाण्याची बाटली त्याच्या खांद्यावर आपटली. तरी त्याचे हात वरच होते, कारण बापाने सांगितलं होतं. खालून कुणीतरी ओरडलं, “गुडघे टेक.” मग पायऱ्याच्या पायऱ्या तेच ओरडू लागल्या. ओस्वाल्दोच्या कानाशी एक आवाज फार ओळखीचा होता.

“गुडघे टेक, कृतघ्न कुठला,” तूचो ओरडत होता. त्याच्या हनुवटीवर थुंकी लागली होती.

ओस्वाल्दोच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो उभा राहिला.

“गोल,” तो ओरडला. मग ते थांबेचना. “गोऽऽल. युलिसेस कुलिक. माझा मुलगा. गोऽऽल.”

आसपासच्या माना वळल्या. तूचोने त्याचा सदरा खाली खेचला.

“बस खाली. मरशील.”

“बसलोच होतो रे. त्याला फाटकाबाहेर काढला तेव्हापासून बसलोच होतो. तुझ्या हातात दिला होता त्याला, तूचो. तुझ्या हातात.”

पहिला ठोसा मागून आला. दुसरा कुणी मारला ते त्याने पाहिलं. त्याच्यासोबत एकाच बाकावर बसून शाळा शिकलेला माणूस होता तो. तूचोने मारलं नाही. तो फक्त एक पायरी बाजूला सरकला आणि तेच ओस्वाल्दोला सगळ्यात जास्त लागलं. पहारेकऱ्यांनी त्याला काखेत धरून बाहेर काढला आणि वर ऐकवलं की हे तुमच्याच भल्यासाठी. म्हणजे मारणारे आत बसून खेळ बघणार आणि मार खाणारा रस्त्यावर. आमच्याकडे सुव्यवस्था म्हणतात ती ही.

खेळ संपेपर्यंत तो मागच्या फाटकाजवळ उभा राहिला. पाम्पेरो एका गोलने जिंकले होते. पाहुण्यांची बस निघायच्या बेतात होती तेव्हा युलिसेसने खिडकीतून बापाला पाहिलं आणि लंगडत खाली उतरला. ओस्वाल्दोचा ओठ सुजला होता, सदऱ्यावर रक्त होतं.

“हे कुणी केलं, पापा?”

“ओळखीच्याच माणसांनी.”

“पण मी हात वर केले होते. तू म्हणालास तसेच केले होते.”

“पाहिलं मी. तू काही चोरलं नव्हतंस. मी तुला असं सांगायलाच नको होतं. पुन्हा नको करूस. गोल झाला की धावत सुट, ओरड, समोर मी असलो तरी.”

युलिसेसने खिशातून रुमाल काढून बापाचा ओठ टिपला. बसच्या चालकाने भोंगा वाजवला. पोरगा हलला नाही.

“आता इथे कसा येशील तू? दर रविवारी काय करशील?”

ओस्वाल्दोने मैदानाच्या भिंतीकडे पाहिलं. आत अजून तेच गाणं चालू होतं.

“पुढच्या रविवारी तू कुठे खेळतोयस?” त्याने विचारलं.

“सांता रोसात. फार लांब आहे, पापा. रात्रभराची बस.”

“असू दे,” ओस्वाल्दो म्हणाला. “तुझ्या आईलाही आणतो.”