नेरिमानला चिनेकोप हवा होता

उलटवून बाहेर काढलेला कल्ला, लालभडक, ओला... आणि मासा केवढा, तर फेरीदूनच्या तळहातात मावेल एवढा. ताजेपणा दाखवायला मासळीवाले असेच कल्ले उलटवून ठेवतात, कादीकोयच्या बाजारात त्याने जन्मभर हेच पाहिलेलं. पण आज ते बघवेना, आणि नजर हलवावी तरी कुठे, सगळ्या परातींत तेच.

"घ्या की, फेरीदूनभाऊ! पाहुण्यासारखे काय बघत उभे?" इदरीस हसला. "आज वहिनी नाहीत बरोबर. ओरडणार कोण?"

वहिनी... याच फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची नेरिमान. अख्खं इस्तंबूल ज्याच्यासाठी जीव टाकतं त्या ल्युफेर माशाचंच हे पोर, पण अगदी लहान असलं की त्याला तमालपत्र म्हणायचं, थोडं वाढलं की चिनेकोप, म्हणजे खाणाऱ्याला लाज नको! "नाव वेगळं ठेवलं की पोर दुसऱ्याचं होतं का रे, इदरीस? एकदा तरी अंडी घालू दे की बिचारीला. मेली कसली ही हाव!" आणि मग पिशवीत चार हामसी, ती मुळातच बोटभर राहणारी मासळी, टाकून तरातरा घरी. पुतण्याच्या साखरपुड्यालासुद्धा, व्याह्यांच्या देखत, समोर आलेलं चिनेकोपचं ताट तिने परत पाठवलं होतं, आणि फेरीदून मान खाली घालून रुमालाची घडी करत बसला होता — किती लाज वाटली होती तेव्हा! आज तशी लाज कुणी विकत दिली असती तर त्याने घर गहाण टाकलं असतं.

कारण सकाळी तीच म्हणाली होती, "मला चिनेकोप तळून द्याल? आई देते तसा." हा विस्मरणाचा आजार जडल्यापासून ती त्याला तुम्ही म्हणते.

"नेरिमान, आपण तो खात नाही."

"आपण म्हणजे कोण?" तिने विचारलं होतं, अगदी सरळ, भाबडेपणाने.

"द्या," फेरीदून म्हणाला, आणि इदरीस एवढा चकित झाला की तोलताना थट्टा करायचीसुद्धा विसरला. पिशवी घेऊन चढ चढताना त्याला वाटत होतं की आपण आजारी बायकोची इच्छा पुरी करतोय, चांगलं करतोय... पण कुलपात किल्ली घालताना मनातलं खरं काय ते उघडं पडलं. तिची इच्छा गेली खड्ड्यात. त्याला भांडण हवं होतं. हा मासा ताटात बघून ती ओरडेल, अरे मूर्खा, तुला काही कळतं का म्हणेल, ताट ढकलेल — एकदाच, एक क्षणभर, ती परत येईल.

त्याने मासे पिठात घोळवले, तळले, कांदा चिरला आणि ताट तिच्यापुढे ठेवून उभा राहिला. ओरड ना... ओरड, बाई.

नेरिमानने बोटांनी मासा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. ओठ तेलाने चकाकत होते, आणि ती इतकी खूश होती — लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने तिला असं खूश कधी पाहिलंच नव्हतं.

"काटेसुद्धा मऊ आहेत," ती म्हणाली. "उद्यापण आणाल?"

"नाही!" आवाज त्याचा होता, शब्द तिचे. "पोर आहे ते! अंडी घातली नाहीत त्याने अजून, कळतं का? हावरट कुठली!"

तिने हात झटकन मागे घेतला. शाळेत मार बसलेल्या मुलीसारखी ती त्याच्याकडे बघत राहिली, डोळे भरून आले, आणि हात झग्याला पुसत म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

"खा, खा," तो घाईघाईने म्हणाला, आणि त्याने ताट परत पुढे सरकवलं. "चुकलं माझं. खा तू."

ती घाबरत घाबरत परत खाऊ लागली. "तुम्हीपण घ्या ना थोडं," असंही म्हणाली, एखाद्या सभ्य शेजाऱ्याला म्हणावं तसं. आतापर्यंत ती कुठेतरी आत आहे, हाक मारायचा अवकाश आहे, असं तो धरून चालला होता... समोर ती जेवत होती, आणि फेरीदूनला आपल्या बायकोची आठवण येत होती, गेलेल्या माणसाची येते तशी, आज पहिल्यांदाच.