पाइप जिना चढत नाहीत

भिंत पहिली

कानसेनने स्वतःच्या बाथरूमची भिंत फोडायला घेतली, तेव्हा बायको आत कपडे पिळत होती.

"अहो, डोकं फिरलंय का?"

"लाइन गळतेय. ऐक. फुस्स. फुस्स."

"मला नाही येत ऐकू."

"सगळ्यांना आलं असतं तर मला कोणी विचारलं असतं?"

कानसेन हे या प्लंबरचं नाव नव्हे, गिऱ्हाइकांनी बहाल केलेली पदवी. भिंतीला लांब पेचकस टेकवायचा, मुठीला उजवा कान लावायचा, डोळे मिटायचे आणि बोट ठेवायचं: "इथे." पाणी तिथेच निघायचं. बाकीचे प्लंबर अख्खी फरशी उखडून घाम पुसत बसत.

पाइप सापडला. कोरडा ठणठणीत.

"पलीकडून गळत असेल," म्हणत त्याने पलीकडची बाजूही फोडली. आता बाथरूममधून स्वयंपाकघर दिसू लागलं. बायकोने भोकातून विचारलं, "चहा हवाय? इथूनच देते."

भिंत दुसरी

ही शिंपीणबाईंच्या दुकानाची. त्याने पेचकस

फुस्स

टेकवला, कान

फुस्स

लावला आणि म्हणाला, "इथे." फोडली. विटा कोरड्या, सिमेंट कोरडं.

"कानसेन," शिंपीणबाई सुई तोंडात धरूनच म्हणाल्या, "पाणी कुठे ठिबकतंय ते मला इथून दिसतंय हो."

छतातून ठिबकत होतं. कानसेनच्याच टकलावर.

तो हातोडा पिशवीत घालून घरी निघाला. जिना चढताना फुस्सफुस्स भरभर होऊ लागलं. तो थांबला, तसं तेही मंदावलं. पुन्हा दोन पायऱ्या, पुन्हा घाई. तो मटकन पायरीवर बसला. पाइप जिना चढत नाहीत.

मरणाची भीती त्याला फारशी वाटली नाही. पण हा आवाज असाच राहिला तर? खरी गळती यापुढे ऐकू येणारच नाही. मग चारचौघांसारखं अंदाजाने फोडत फिरायचं. या विचाराने मात्र तो उठला आणि बायकोला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेला.

भिंत तिसरी

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी धरली. "आवाज येईल तसं टेबलावर बोट आपटा."

टक. टक. बोट आणि नाडी एकाच तालात.

"तुमचं रक्त वाहतंय, ते ऐकू येतंय तुम्हाला."

"म्हणजे गळतंय?"

"ते शोधू. मानेतली धमनी आत चिंचोळी झाली तरी असा आवाज येतो. धमनी नि शीर नको तिथे जोडल्या गेल्या तरी येतो. तसं असेल तर धोक्याचं."

"चुकीचं कनेक्शन."

"हो, तसंच म्हणा."

त्यांनी स्टेथोस्कोप त्याच्या कानामागे टेकवला आणि डोळे मिटले. "मलाही येतोय हं."

कानसेनला भरून आलं. "बघ! यांनाही येतोय!"

"त्यांच्या हातात हातोडा नाहीये," बायको म्हणाली.

बाईंनी मानेच्या उजव्या बाजूला दोन बोटं अलगद दाबली.

आवाज बंद.

"अहो, तिथेच एक व्हॉल्व्ह बसवा ना!"

"घरी दाबत बसायचं नाही," बाई करवादल्या. "हलक्या दाबाने थांबला म्हणजे बहुतेक शिरेचा आवाज आहे. तरी बाकीचं बघावंच लागेल."

मग रक्त तपासलं. कवटीत दाब वाढलाय का ते बघायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळातून आत डोकावलं. हातातून औषध सोडून डोक्यामानेचे फोटो काढले. धमन्या धड, कनेक्शन धड. पण उजव्या कानामागून एक मोठी शीर जाते. तिच्या नि कानाच्या मध्ये अंड्याच्या कवचाएवढी पातळ हाडाची भिंत असते, ती एका जागी झिजून गेली होती.

कानसेन फोटोकडे बघत राहिला. "म्हणजे पाइप शाबूत आणि भिंत फुटलीय?"

बायकोने पदर तोंडाला लावला. खांदे मात्र हलत होते.

"जिवाला धोका नाही," बाई म्हणाल्या. "सवय करून राहता येईल. नाहीतर ऑपरेशन करून तिथे नवा थर देते."

"गिलावा."

"गिलावा. त्यात ऐकू येणं कमी होण्याची थोडी भीती असते. लपवत नाही."

कानसेनने उजव्या कानावर हात ठेवला. बायकोचं हसू केव्हाच विरलं होतं.

"द्या गिलावा," तो शेवटी म्हणाला. "पण हात हलका ठेवा."

गिलावा वाळल्यावर

पट्टी निघाली, कानातला बोळाही निघाला. शांत. इतकं शांत, की त्याला घाम फुटला. आवाज गेला, की कानच गेला? त्याने डाव्या कानात बोट घातलं. "अगं, उजव्यात काहीतरी बोल. हळू."

बायको वाकली. "माझी आई येतेय," ती कुजबुजली. "महिनाभर राहायला."

शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय?" कानसेन म्हणाला. "नाही आलं ऐकू."

तिचा चेहरा उतरला. डोळे भरले. डॉक्टरीणबाईंनी घाईघाईने पुढची तपासणी मांडायला घेतली. ते काही कानसेनला बघवेना.

"अगं, रडतेस काय! महिना जरा जास्त होतो, एवढंच म्हणत होतो."