चेन जुनीच ठेवली

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. वडील म्हणायचे, याच्या हातात हातोडा देऊ नका, पाना द्या. पाना निदान फिरवावा तरी लागतो. म्हणून मी सायकलींचा मेकॅनिक झालो. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि चाकाच्या तारा ओढायला वडिलांकडून तीच आधी शिकली. लग्नानंतर दाजींनी तिचं दुकानात काम करणं बंद केलं. मला डबा आणून द्यायला तेवढं येऊ द्यायचे, तेही आपल्यासोबत.

दाजी शर्यतींत सायकल चालवायचे. जिंकायचे क्वचितच, पण ऐट जिंकणाऱ्याच्या वरताण. गुरुवारी दुपारी ते सायकल घेऊन आले, मागून ताई डबा घेऊन.

"रविवारी शर्यत आहे," दाजी म्हणाले. "साठ किलोमीटर डांबरी, मग पस्तीस खडीचा रस्ता. दोन्हीकडे चालतील असे गिअर बसव."

मी सायकल स्टँडला अडकवली. पुढे दोन चकत्या, पन्नास आणि चौतीस दातांच्या. मागे कॅसेट, म्हणजे चकत्यांचा गठ्ठा, अकरा ते अठ्ठावीस दातांचा. डांबरी रस्त्याला एकदम झकास. पण खडीवर चढ लागला की पाय हलका फिरायला हवा, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं आणि माणूस आडवा होतो.

"पुढे एकच ठेवू, चाळीसची," मी म्हणालो. "मागे अकरा ते बेचाळीस. खडीवर चेन उडायची भीती नाही, चढही निघेल."

"आणि सपाटीवर? लोक सुसाट पुढे जाणार आणि मी नुसते पाय फिरवत बसू?"

"मग पुढे दोन्ही राहू देत, पण शेहेचाळीस आणि तीसच्या घ्या. वेग थोडा जाईल, गुडघे वाचतील."

"पन्नासची काढायची नाही. लहान चकत्या म्हाताऱ्यांना बसव."

गाढवापुढे वाचली गीता. ताईने डबा टेबलावर ठेवला आणि सहज बोलून गेली, "मग मागे निदान चौतीसपर्यंतची कॅसेट घ्या. मागच्या वर्षी चढावर उतरून ढकलावी लागली होती ना."

बोलली ते अगदी बरोबर होतं. दाजींनी वळूनही न बघता उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारली. डबा खाली पडून उघडला. तिचा ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं. एक गिऱ्हाईक ट्यूब घ्यायला आलं होतं, ते ट्यूब तिथेच ठेवून चालतं झालं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कॅसेट सोडवायचा एक पाना असतो, हातभर लोखंडी दांडा आणि टोकाला चेनचा तुकडा. तो उचलून मी दाजींच्या गळ्यावर आडवा धरला आणि त्यांना भिंतीवर आपटलं. वर टांगलेले रिम धडाधड आमच्या अंगावर पडले. "हात कसा लावलात तिला?" मी ओरडलो. गळा दाबतानासुद्धा मी त्यांना अहोजाहो करत होतो, याचा मला अजून राग येतो. त्यांनी गुडघा पोटात घातला. मी वाकलो, पुन्हा उठलो, दांडा वर उचलला, तेवढ्यात ताई मध्ये येऊन उभी राहिली.

"पुरे कर," ती म्हणाली. मला म्हणाली, त्यांना नाही. "तू एक मारशील, त्याचे घरी गेल्यावर मला दहा पडतील."

दाजींनी शर्ट झटकला. हसले. "बसव चौतीसची. मी बायकोचं ऐकतो कधीकधी," असं म्हणून ते बाहेर फोनवर बोलत उभे राहिले.

ताईने नळाखाली तोंड धुतलं. "वरची खोली दे मला," ती हळूच म्हणाली. "रविवारी ते दिवसभर शर्यतीला असतील. मी दहा वाजता बॅग घेऊन येते. खोलीला आतून कडी आहे, ती पाहून ठेवली आहे मी."

वरच्या खोलीत जुने टायर आणि मोडक्या फ्रेमी छतापर्यंत भरल्या होत्या. आधीही एकदा तिने ती मागितली होती, तेव्हा मी 'बघू' म्हणालो होतो.

"मी बघतो ना त्या माणसाकडे," मी म्हणालो.

"त्यांच्याकडे नको बघूस. खोली मोकळी कर."

"बरं बरं, ये रविवारी," मी म्हणालो. तोंडाने म्हणालो. डोक्यात दुसरंच शिजत होतं.

शुक्रवारी मी मागे चौतीसची कॅसेट चढवली. मोठी कॅसेट लावली की चेनही लांब लागते, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवर एकदम चढवून बघायची, मगच सायकल खाली उतरवायची. मी चेन जुनीच ठेवली, कमी दातांच्या कॅसेटची. बाकीच्या सगळ्या गिअरमध्ये ती लोण्यासारखी चालते. फक्त पुढे पन्नास असताना मागे चौतीसवर टाकली तर तिला जागाच पुरत नाही. शहाणा माणूस असा गिअर कधी टाकत नाही, चढ आला की आधी पुढची लहान करतो. दाजी पन्नास सोडणार नाहीत, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक होतं.

शनिवारी ते सायकल घेऊन गेले. डांबरी रस्त्यावर एक फेरी मारून आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी शांतपणे घेतली.

रविवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून मी खडीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. उतार, खाली वळण आणि लगेच उभा चढ, अशी जागा निवडली. दाजी उतारावरून सुसाट आले. चढ समोर दिसताच त्यांनी मागचा गिअर शेवटपर्यंत दाबला. कडकन आवाज झाला. चेन ताणली, गिअर बदलणारा डिरेलर मुळासकट उपटून तारांत घुसला आणि मागचं चाक थांबलं. दाजी हँडलवरून उडून तोंडावर आपटले आणि खडीवरून तसेच फरफटत गेले. मागचा एकजण त्यांच्या उजव्या हातावरून गेला. गालाचं कातडं सोलून निघालं होतं, तोंडात माती आणि रक्त. ते गुरासारखे ओरडत होते. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यांना दवाखान्यात नेलं. मी दुकानात आलो आणि त्याच तंद्रीत वरची खोली रिकामी केली. टायर खिडकीतून खाली फेकले, फरशी धुतली, खाट लावली.

सोमवारी दुपारी ताई आली. मी तिचा हात धरून तिला वर नेलं. "बघ! आता ये खुशाल."

ती दारातच थांबली. "काल दहा वाजता आले होते. बॅग घेऊन. कुलूप होतं."

मी खिशातून फोन काढला; कालपासून तो पाहिलाच नव्हता.

"तुला चार वेळा फोन केला. दीड तास पायरीवर बसले. मग दवाखान्यातून फोन आला." तिने खोलीभर नजर फिरवली. "चेन बदलली नव्हतीस ना?"

मी मान खाली घातली.

"डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. घरातच. रोज सकाळी दोन तास ते सायकलवर असायचे, तेवढेच माझे होते. सासूबाई येऊन बसल्या आहेत उशाशी. काल निघाले असते तर निघाले असते. आता मोडक्या नवऱ्याला टाकून कुठल्या तोंडाने येऊ?"

"अगं, पण उजवा हात मोडलाय त्यांचा. आता कसले मारतात?"

ताईने बाही वर केली. दंडावर बोटांचे पाच वळ होते, ताजे, अजून लाल.

"डावा चांगला आहे," ती म्हणाली. मग त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून ती जिना उतरून घरी गेली.